पावसानंतर, दोन नंबरच्या शेडमध्ये

वाढणाऱ्या बाईनं तिसऱ्यांदा येऊन समोरची खुर्ची मागितली, तेव्हा लिंदाल्वानं खुर्चीवरच्या बॅगेवर हात ठेवला आणि खुर्ची मोकळी नाही म्हणून सांगितलं. बाई चाळिशीची, अंगानं भरलेली, छातीवर रोझियाने अशी पाटी. तिनं आधी बॅगेकडे पाहिलं, मग लिंदाल्वाकडे. बॅग तपकिरी रेक्झिनची होती, कडांना सोलवटलेली, एका बाजूची चेन गेलेली म्हणून तिथं दोन मोठ्या पिना टोचलेल्या. या काचेच्या दारांच्या थंडगार जागेत अशी बॅग घेऊन कुणी येत नसणार. "मावशी, कुणी येणार आहे का?" रोझियानेनं विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, उलट जरा जास्तच जपून विचारलं होतं. दवाखान्यातल्या नर्सा असंच विचारतात, सोबत कुणी आहे का म्हणून. "बहीण येणार आहे," ती म्हणाली. "पावसानंतर." रोझियानेनं काचेबाहेर पाहिलं. वर कुठंतरी रानं जळत होती, त्यांचा धूर महिनाभर नदीवरून उतरत होता आणि आभाळ मळक्या पिवळ्या रंगाचं झालं होतं. "मग निवांत बसा," ती हसून म्हणाली, "पण पंधरा दिवसांत थेंब नाही पडलेला, सांगून ठेवते." आणि बाजूच्या टेबलाची एक खुर्ची उचलून घेऊन गेली. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

नदीकाठच्या बेलेम शहरात अमुक वाजता भेटू असं बोलणं हे बँकेतल्या आणि बाहेरगावच्या माणसांचं. गावातली माणसं पावसाआधी भेटतात नाहीतर पावसानंतर. बारसं पावसाआधी, भांडण मिटवायला पावसानंतर. लिंदाल्वाच्या लहानपणी तर अडीच-तीनच्या सुमाराला तो हमखास यायचा, अर्धा तास धो धो कोसळायचा आणि शहाण्यासारखा निघून जायचा. मग रस्ते वाफाळायचे, दारं उघडायची, माणसं ठरल्या ठिकाणी पोचायची. कुणी कुणाला वेळ विचारली नाही. आताशा तो कुणाचं ऐकत नाही, तरी बोलण्यातली सवय काही मोडत नाही. म्हणूनच मारिनेसचा निरोप ऐकल्यापासून लिंदाल्वाच्या मनात पाल चुकचुकत होती. फोनमध्ये आवाजाचा निरोप होता, अकरा सेकंदांचा. "ताई, मी मारिनेस. सिरियोच्या जत्रेला येतेय, दोनच दिवस. शुक्रवारी डॉकवर भेटू, दोन नंबरच्या शेडमध्ये. पावसानंतर." एवढंच. तिनं तो निरोप इतक्या वेळा ऐकला होता की आता त्यातला श्वास कुठं घेतला आहे तेही तिला पाठ झालं होतं. दोन नंबरची शेड म्हणजे बाबाची शेड, ते ठीक. पण 'पावसानंतर' हे मारिनेसनं गावच्या सवयीनं म्हटलं, की मुद्दाम म्हटलं? बोटीनं चार-पाच दिवस लांबच्या मनाउसला चौतीस वर्षं काढलेल्या बाईला ही सवय उरते का? उरली असेल तर ती चारच्या आसपास येईल, कारण पडो न पडो, पावसानंतर म्हणजे साधारण चार. आणि मुद्दाम म्हटलं असेल तर ती येणार नाही. फोन करून विचारणं सोपं होतं. पण नक्की किती वाजता, असं सख्ख्या बहिणीनं सख्ख्या बहिणीला विचारायचं म्हणजे आपण एकमेकींना परक्या झालो हे मान्य करण्यासारखं होतं, आणि तेवढं एक सोडून बाकी सगळं मान्य करायला लिंदाल्वा घरून निघाली होती.

ती अडीचलाच आली होती. शेड उघडल्याला, म्हणजे काचा लावून, फुलझाडं लावून, आइस्क्रीमची आणि बिअरची दुकानं थाटून उघडल्याला, वीसच्या वर वर्षं झाली होती आणि गावात राहून ती आत आली नव्हती. शेजारपाजारचे वाढदिवस इथं झाले, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी तिच्या निवृत्तीचा निरोप समारंभ इथंच ठरवला होता, तेव्हा तिनं पोटदुखीचं निमित्त काढलं. आज दारातल्या पहारेकऱ्यानं दार ओढून धरलं आणि या म्हटलं, तेव्हा ती क्षणभर उंबऱ्यावरच थबकली, कारण या जागेच्या पहारेकऱ्यांनी आयुष्यभर तिला थांब म्हटलं होतं. बायकांनी कठड्यापर्यंत यायचं, गजांतून डबा आत सरकवायचा आणि परत फिरायचं. बाबा इथं सव्वीस वर्षं पोती वाहत होता, पण त्रेसष्ट वर्षांची झाल्यावर आज पहिल्यांदा ती त्या छपराखाली उभी राहिली होती. लोखंडी खांब तेच, नुसते पांढरे रंगवलेले. वर छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला रूळ तोच. त्याच्यावरून आकडा सरकत यायचा आणि मिरीची, कास्तान्याच्या बियांची पोती उचलून न्यायचा. बाबाच्या अंगाला सदा मिरीचा वास. तो घरात शिरला की दोघी बहिणी शिंकायच्या आणि तो रागवायचा, आपली चेष्टा करतात म्हणून. पावसाचा पहिला थेंब पडला की इथं शिट्टी व्हायची, बोटीच्या पोटावर झाकणं पडायची, कारण भिजलेलं पोतं कुणी घेत नाही, आणि सगळी माणसं पोत्यांवर बसून डॉमिनो खेळायची. मग तेवढं काम पुढं ढकललं जायचं. त्यामुळे बाबाही कधी वेळ सांगायचा नाही. पावसानंतर सुटतो, म्हणायचा.

आता मिरीचा वास नव्हता. कॉफीचा होता, साबणाच्या पाण्याचा होता, आणि यंत्रातून येणाऱ्या त्या कोरड्या गारव्याला स्वतःचाच एक वास होता. पेल्यातलं कुपुआसूच्या फळाचं आइस्क्रीम विरघळून त्याचं पाणी झालं होतं. लिंदाल्वा ते तसंच दोन घोट प्यायली. आसपास सगळी घोळक्यांनी बसलेली माणसं. परवा रविवारी सिरियो, नाझारेच्या माउलीची मिरवणूक, गावाबाहेर गेलेला जो तो परतलेला, टेबलाटेबलावर आत्या-मावश्या एकमेकींना घट्ट धरून तू किती वाळलीस, तू किती सुटलीस म्हणत होत्या. लिंदाल्वाच्या घरीही चुलीवर मोठं पातेलं होतं. मनिवाचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा, पाला सात दिवस सात रात्री शिजवावा लागतो, तोवर तो विषच. मग त्यात मांस पडतं आणि सिरियोचं जेवण होतं. बाबा गेल्यापासून तिनं तो घाट घातला नव्हता, एकटीसाठी कोण सात दिवस चूल पेटती ठेवील? निरोप आला त्याच दिवशी तिनं पाला आणला, कुटला आणि चढवला. आज सहावा दिवस. शेजारची एउनिसे पाणी घालायला येऊन बसली होती आणि निघताना म्हणाली होती, "आली नाही तर आपण दोघी खाऊ, जिवाला लावून घेऊ नकोस." एउनिसे बोलायला अशीच, मनात काही ठेवत नाही. लिंदाल्वाला तेव्हा हसू आलं होतं. आता त्या एवढ्या मोठ्या पातेल्याची आठवण होऊन तिला स्वतःची लाज वाटली.

ओळखायची कशी, हाही प्रश्न होता. गेली तेव्हा मारिनेस वीस वर्षांची होती, केस कमरेपर्यंत, चालताना उजवा खांदा थोडा पुढं. आता चौपन्नाची. लिंदाल्वानं आल्याआल्याच साऱ्या टेबलांवरून नजर फिरवली होती आणि चौपन्नाच्या आसपासच्या बायका मोजता मोजता थकली होती. चौपन्नाच्या वयाला सगळ्या बायका एकमेकींच्या बहिणी दिसतात. पार त्या टोकाच्या टेबलाशी, खांबाआड, एक बाई गवती टोपी घालून पाठमोरी बसली होती. टोपीखालून आखूड पांढरे केस दिसत होते, पाठीला थोडा बाक. ती बरीच आधीपासून होती. इतकी म्हातारी मारिनेस असायची नाही, असं लिंदाल्वानं मनाशी म्हटलं आणि नजर दाराकडे वळवली.

पावणेपाचला तिला बसवेना. टेबल सांभाळा म्हणून तिनं रोझियानेला सांगितलं, खुर्चीवर छत्री ठेवली आणि बॅग घेऊन बाहेर आली. दाराबाहेर उन्हाची झळ तोंडावर आली. पूर्वी जिथं लाकडाचे ओंडके रचलेले असायचे तिथं आता लाल फुलांचे वाफे होते, मधून विटांची वाट, बाकं. रंगवून पिवळी केलेली क्रेन नदीकडं मान करून उभी होती आणि तिच्याखाली पंधरा वर्षांची एक मुलगी घेरदार झग्यात फोटोसाठी उभी होती. तिची आई झग्याची किनार धुळीतून वर धरून बसली होती. एका कुटुंबानं लिंदाल्वाच्या हातात फोन दिला, मावशी आमचा सगळ्यांचा एक काढता का. सगळे हसून उभे राहिले. तिनं काढला, परत एकदा काढला, आणि ते थँक्यू म्हणून गेले तेव्हा तिच्या लक्षात आलं की घरून निघाल्यापासून पहारेकरी आणि रोझियाने यांच्याखेरीज तिच्याशी बोललेली ही पहिली माणसं. पाइपातून वाफ्यांवर पाणी उडत होतं. मातीचा ओला वास आला, अगदी पावसासारखा, आणि तिनं वेड्यासारखं वर पाहिलं.

वाट कठड्यापाशी संपत होती. कठडा तोच, गजांना हिरवा रंग, त्यावर वेल चढवलेली. फाटक काढून टाकलं होतं. तिथं आता कॉफीची एक टपरी होती. याच जागी चौतीस वर्षांपूर्वी मारिनेस तिची वाट पाहत थांबली होती. लिंदाल्वा गावात इतकी वर्षं राहून या रस्त्यानं जायचं टाळत होती आणि जायचंच झालं तर पलीकडच्या पदपथावरून, खाली मान घालून. आज ती गजांना टेकून उभी राहिली, मारिनेस उभी राहिली असेल तशीच, आणि समोर पाहिलं. इथून रस्ता पार त्यांच्या जुरुनास वस्तीच्या वळणापर्यंत सरळ दिसत होता. वळणावरून येणारं माणूस आधी ठिपक्याएवढं, मग हळूहळू मोठं, मग बाई की पुरुष, मग कोण, असं कळत जायचं. चांगली सात-आठ मिनिटं. म्हणजे त्या दिवशी वळणावरून निघालेली प्रत्येक बाई मारिनेसला आधी आपली ताई वाटली असणार, आणि मग सात-आठ मिनिटांनी कुणी दुसरीच निघाली असणार. तीन तासांत अशा किती? चौतीस वर्षांत हे लिंदाल्वाच्या कधी मनात आलं नव्हतं. तिनं वाट पाहणारी मारिनेस पुष्कळदा डोळ्यांपुढं आणली होती, पण मारिनेसच्या जागेवरून रस्ता कधी पाहिला नव्हता. 

आई गेल्यावर घरात तिघं उरली. बाबा वाईट नव्हता, पण त्याच्या घरात मुलींनी मोठ्यानं हसायचं नाही, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत बसायचं नाही, आणि लग्नाचं नाव काढलं की तो जेवणावरून उठायचा. मारिनेसनं गुपचूप मनाउसच्या कारखान्याला पत्र लिहिलं, दोघींच्या नावानं. रेडिओ जोडायचं काम, राहायला खोली. बोलावणं आलं. सगळं तिनंच ठरवलं, लिंदाल्वानं फक्त होकाराची मान डोलावली. बाबा कामावर असताना मारिनेसनं रिकाम्या हातानं निघायचं, शिवणाच्या क्लासला जाते म्हणून, म्हणजे शेजारी संशय घेणार नाहीत. लिंदाल्वानं मागाहून एकाच बॅगेत दोघींचे कपडे, मारिनेसचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला घेऊन यायचं. बोट संध्याकाळी साडेपाचला. फाटकापाशी भेटू, आत पोती वाहणारा बाबा अंधार पडेपर्यंत तिकडं फिरकत नसे. किती वाजता, हे विचारायचं कारणच नव्हतं. पावसानंतर, मारिनेस म्हणाली, आणि दारातून जाताना तिनं लिंदाल्वाच्या गालाला चिमटा काढला. त्या दिवशी पाऊस आला नाही. महिन्याभरानं मनाउसहून एका ओळीचं पत्र आलं, 'तू आली नाहीस.' लिंदाल्वानं उलट टपाली लिहिलं, 'त्या दिवशी पाऊसच आला नाही.' गावातल्या कुणालाही हे उत्तर पटलं असतं. मारिनेसचं पुन्हा पत्र आलं नाही. बाबा गेल्याचं तिला चुलतभावानं कळवलं, तेव्हाही नाही.

हे असं सांगितलं की सगळं बरोबर वाटतं. इतकी वर्षं लिंदाल्वानं स्वतःला असंच सांगितलं आणि रेटून नेलं. पण गजांना टेकून उभं राहिल्यावर ते पुरेना. त्या दिवशी तीन वाजता ढग आले होते. चांगले काळेभोर, नदीच्या अंगानं. लिंदाल्वा पलंगावर बसली होती, ही बॅग मांडीवर घेऊन, चपला घालून. पहिला वारा सुटला, पत्रे वाजले, आणि तिनं डोळे मिटून नाझारेच्या माउलीला नवस केला. आई, आज पाऊस नको. आज एवढा थांबव, मी मिरवणुकीत अनवाणी तुझ्या रथाचा दोर ओढीन. बाबाची भीती होती म्हणावं तर तसंही नव्हतं. मनाउसला आपण कुणीच नसू, ही भीती होती. इथं निदान हे घर तिच्याविना चालत नव्हतं. आणि मारिनेसही जायला नको होती. बॅग आपल्या मांडीवर आहे तोवर ती कशी जाईल, हा तिचा हिशेब. अंगावरच्या कपड्यांनिशी कोण मनाउसला जातं? येईल परत, आदळआपट करील, चार दिवस बोलणार नाही, मग बोलेल. ढग आले तसे फिरले. माउलीनं शब्द राखला. साडेपाचला बोटीचा भोंगा झाला, जुरुनासमध्ये स्वच्छ ऐकू आला, आणि लिंदाल्वा दाराकडे कान लावून बसली. सहा वाजले, सव्वासहा. कुणी आलं नाही. तेव्हा तिला कळलं की मागताना आपण चुकलो. पाऊस नको एवढंच मागितलं होतं. ती जाऊ नये, हे मागायचं राहूनच गेलं. बाबा यायच्या आत तिनं बॅग रिकामी केली, कपडे घडी करून कपाटात ठेवले आणि मासळी कापायला घेतली. तो नवस तिनं अजून फेडला नव्हता. दर सिरियोला लाखभर माणसं तो दोर धरायला धडपडायची आणि ती घरात बसायची. फळलेला नवस होता, कुठल्या तोंडानं जाणार?

ती आत परतली तेव्हा छत्री जागेवर होती. रोझियानेनं न विचारता पाण्याचा पेला आणून ठेवला. लिंदाल्वानं छत्री काढून बॅग पुन्हा खुर्चीवर ठेवली, सरळ केली, पिना लागल्यात ना ते पाहिलं. काल संध्याकाळी तिनं ती पुन्हा भरली होती. निळा झगा, फुलाफुलांचा झगा, दोन्ही दाखले प्लास्टिकच्या पिशवीत. पन्नाशी उलटलेल्या बाईला वीस वर्षांच्या पोरीचे झगे काय कामाचे, हे तिला कळत होतं. तरी भरली. इतक्यात वर काहीतरी घरघरलं आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या. छताखालच्या त्या रुळावरून एक लाकडी मंच सरकत येत होता, त्यावर गिटारवाला, सॅक्सोफोनवाला आणि लाल झग्यातली गाणारी बाई. पोत्यांच्या रुळावरून आता गाणं फिरत होतं. मंच या टोकाला आला की इथल्या टेबलांवर जोरात ऐकू यायचं, मग तो दूर दूर सरकत त्या टोकाला जायचा आणि परत यायचा. बाबानं हे पाहिलं असतं तर तो शिवी हासडून हसला असता. लिंदाल्वाच्या डोक्यावरून मंच गेला तेव्हा तिनं नकळत मान खाली केली, वरून काही पडेल म्हणून.

साडेपाच वाजायला आले होते. लिंदाल्वानं दाराकडे पाहणं सोडलं होतं, कारण दर वेळी दार उघडलं की काळीज वर येऊन परत खाली बसत होतं आणि आता त्याचं दुखू लागलं होतं. फोन टेबलावर थरथरत सरकला. पडद्यावर निरोपाचा तोच नंबर होता. लिंदाल्वानं दोन्ही हातांनी तो कानाला धरला.

"ताई?"

"हं."

"कुठं आहेस?"

"दोन नंबरला. बाबाच्या शेडमध्ये. तू?"

मारिनेस म्हणाली, "हॉटेलवर. येणार होते मी. पण पाऊस कुठं पडलाय, ताई?"

आवाज शांत होता. खूप दिवस घासूनपुसून ठेवलेली वस्तू एकदाची बाहेर काढावी तसं ते वाक्य आलं. लिंदाल्वाला राग आला नाही. हेच येणार हे तिला सहा दिवस ठाऊक असावं. मंच तिच्या डोक्यावरून निघून त्या टोकाकडे सरकत होता, लाल झग्यातल्या बाईचा आवाज इथं विरत चालला होता, आणि फोनमध्ये तोच आवाज, तेच कडवं, हळूहळू मोठं होत होतं. सॅक्सोफोन आता फोनमध्ये जास्त स्पष्ट होता. लिंदाल्वाची मान ताठ झाली. गवती टोपी, खांबाआडचं टेबल, आखूड पांढरे केस. ती अडीचच्याही आधीपासून होती. वळून पाहायला मानेला एवढंसं वळण पुरलं असतं. तिनं वळवली नाही. मी तीन तास तुला दिसत होते का, हे विचारायचा अधिकार जगात एका माणसाला नसेल तर तो आपल्याला, हे तिला कळत होतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "नाही पडला."

"त्या दिवशीही नव्हता पडला. तू लिहिलं होतंस."

"खोटं लिहिलं होतं."

फोनमध्ये नुसतं गाणं.

"पाऊस नव्हता पडला ते खरं," लिंदाल्वा म्हणाली. "पण मी पावसासाठी थांबले नव्हते, मारिनेस. बॅग भरून मांडीवर घेऊन बसले होते. ढग आले तेव्हा माउलीला नवस बोलले, पाऊस नको म्हणून. मला वाटलं, बॅग माझ्यापाशी आहे म्हणजे तू बोटीत चढणार नाहीस. चिडून घरी येशील. मी मासळी आणून ठेवली होती तुझ्यासाठी."

"भोंगा ऐकलास?"

"ऐकला."

"मग?"

"मग कपडे परत कपाटात ठेवले. बाबा यायच्या आत."

मारिनेसचा आवाज आता घासूनपुसून ठेवलेला नव्हता. "दाखल्यावाचून कारखान्यात कुणी उभं नाही केलं मला. नवा दाखला मिळेपर्यंत वर्षभर लोकांची भांडी घासली, ताई. त्यांच्या घरातले जुने कपडे घातले. तुला माहीत होतं हे?"

"नाही."

"विचारलंही नाहीस."

"नाही विचारलं." लिंदाल्वाचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती, रोझियाने दोन टेबलांपलीकडे थाळी हातात घेऊन थबकली आणि दुसरीकडे बघू लागली. "दाखला आणलाय मी. दोन्ही आहेत. झगेही आहेत."

"आता काय करू त्यांचं?"

"काही नको करूस. तुझे आहेत म्हणून आणले." तिनं एक हात बॅगेवर ठेवला. "तुला यायचं नसेल तर नको येऊस. मी रागावणार नाही. मी इथं बसते. हे लोक बंद करतील तोवर बसते, उद्या पावसाआधी येते, पावसानंतरही बसते. तू कधीपर्यंत थांबली होतीस त्या दिवशी, तेवढं तरी मला बसू दे."

मंच त्या टोकाला पोचून थांबला. फोनमध्ये टाळ्या वाजल्या, आणि क्षणभरानं त्याच टाळ्या हॉलच्या त्या बाजूनं पोचल्या. आता मारिनेसलाही कळलं असणार की इकडे कळलं आहे.  गाणारी बाई पाणी प्यायली, गिटारवाल्यानं तारा पिळल्या. लिंदाल्वानं डोळे मिटून घेतले. तिच्या कानाशी बहिणीचा श्वास होता, निरोपातला पाठ झालेला नव्हे, आत्ताचा, अडखळणारा.

"ताई," मारिनेस म्हणाली, "बॅग खुर्चीवरनं काढ."

आणि फोन बंद झाला. लिंदाल्वानं बॅग उचलली. वजन तेवढंच होतं. तिनं ती मांडीवर घेतली, दोन्ही हात वर ठेवले आणि मान न वळवता समोर काचेकडे पाहत बसून राहिली. मंच पुन्हा घरघरत इकडे निघाला होता, त्या आवाजात पावलं ऐकू येणं शक्य नव्हतं. रोझियाने रिकाम्या खुर्चीपाशी आली आणि तिनं नुसतं बोट दाखवून विचारलं.

"नको नेऊस," लिंदाल्वा म्हणाली. "येतेय ती."

बाहेर फरशी कोरडीच होती.